भिंतीवरची चित्रे, भाग 4 : प्रोजेक्टर कोणता घ्यावा?

दिवाळी सरली, धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा हे या रंगभूमीचे मुख्य ठाणे. तिथल्या मंडळ्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. अर्जुनी मोरगाव तालुका याच पट्ट्यातला, त्यामुळे उघड्यावर रात्र जागवणारा प्रेक्षक इथे आयताच आहे. नाटकाआधीच्या तासाभरात शाळेतल्या मुलांची किंवा गावातल्या चित्रकारांची चित्रे मोठ्या भिंतीवर झळकवता येतील. चित्रांचे फोटो कसे काढावेत ते मागच्या भागात पाहिले, आता प्रोजेक्टर.

निवड भिंतीपासून सुरू करावी. सिडनीच्या ऑपेरा हाऊसवर 2009 साली संगीतकार आणि चित्रकार ब्रायन ईनो यांची प्रकाशचित्रे उमटली आणि पुढे तो दरवर्षीचा सोहळा झाला. त्या इमारतीच्या छतावर फिकट रंगाच्या फरशा आहेत, म्हणून प्रकाश तिथे खुलतो. आपल्याकडे चुन्याने पांढरी केलेली शाळेची भिंत हेच काम करते. उघड्या विटांची किंवा काळ्या दगडाची भिंत बहुतेक प्रकाश गिळून टाकते.

मग येतो उजेडाचा हिशेब. 20 फूट रुंद चित्राचे क्षेत्रफळ साधारण 21 चौरस मीटर होते. 5000 ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर सुमारे 240 लक्स प्रकाश टाकतो. रुंदी 40 फूट केली की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि हाती उरतात जेमतेम 60 लक्स.

प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. चित्रातला काळा म्हणजे प्रकाश न पडलेली भिंत. शेजारच्या खांबावरचा दिवा त्या भिंतीवर पडत असेल, तर चित्रातली रात्र राखाडीच दिसणार. महागडे यंत्र आणण्याआधी ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला सांगून तेवढा दिवा तासभर बंद ठेवून घ्यावा. यात एक पैसाही लागत नाही, आणि फरक मात्र मोठा पडतो.

खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा डोळे झाकून खरा मानू नये. स्वस्त यंत्रांवर बऱ्याचदा आतल्या दिव्याचा आकडा छापलेला असतो. विचारायचा तो ‘अ‍ॅन्सी’ किंवा ‘आयएसओ’ ल्युमेनचा. शिवाय एका चिपच्या अनेक डीएलपी यंत्रांत पांढरा रंग लखलखीत, पण लाल-पिवळा मलूल दिसतो. तक्त्या-आलेखांना ते चालते, चित्रांना नाही. थ्री-एलसीडी यंत्रात रंगांचा आणि पांढऱ्याचा उजेड सारखाच असतो, म्हणून चित्रांसाठी ते उजवे.

फोर-के घेण्याचा मोह टाळावा. 20 फुटांत साध्या फुल एचडीचे 1920 ठिपके बसवले, तरी एक ठिपका सव्वातीन मिलिमीटरचा होतो. 40 फुटांवर बसलेल्याला तो वेगळा दिसणारच नाही. तो पैसा उजेडावर खर्च करावा.

यंत्राचा थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, 1.5 असेल, तर 20 फुटी चित्रासाठी ते 30 फुटांवर ठेवावे लागते. ते भिंतीच्या अगदी समोर हवे. तिरके ठेवून की-स्टोनने चित्र सरळ केले की ठिपकेही वाया जातात आणि उजेडही. दिव्याच्या यंत्राचा दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो, लेझरचा प्रकाशस्रोत सुमारे 20,000 तास चालतो. भाड्याने आणताना मात्र दिवा किती तास वापरला आहे ते आधी विचारावे.

हंगामाच्या सुरुवातीला धानावरचे तुडतुडे उजेडावर झेपावतात, पुढे थंडीत दव पडते. म्हणून यंत्रावर छप्पर असावे, पण त्याच्या हवेच्या जाळ्या झाकू नयेत. विजेचा दाब कमी-जास्त होतो तिथे स्टॅबिलायझर लागतोच.

एक सोय मात्र निसर्गाने दिली आहे. अर्जुनी मोरगाव मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्याने इथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेसहाला पुरेसा अंधार असतो, म्हणजे लहान मुलांनाही आपली चित्रे पाहता येतील.

भाडे ठरवण्याआधी यंत्र एकदा संध्याकाळी त्याच भिंतीसमोर लावून पाहावे, आणि चाचणीसाठी संग्रहातले सर्वांत गडद चित्र निवडावे. ते नीट दिसले, तर बाकीची दिसतीलच.