कपाटातला कॅमेरा आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टी

“अगं, तव्यावरची पोळी बघायची सोडून तिचा फोटो काय काढत्येस? करपली की मग काढ हवा तर!”

सासूबाईंचं हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखं झालं. मी कुठे जरा रमले की मुलगा म्हणायचा, “आई, पोळी करपतेय!” आणि ती पोळी खरोखरच करपली होती, बरं का. पण तिचा टम्म फुगलेला फोटो आजही माझ्याजवळ आहे. तो कसा राहिला, तेच सांगायचं आहे.

कॅमेरा तसा माझा नव्हेच. मुलाच्या कॉलेजच्या सहलीसाठी २०१० साली घेतलेला साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा. मुलाच्या हाती चांगला मोबाइल आला आणि हा बिचारा कपाटाच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या शेजारी जाऊन पडला. २०१७ साली पावसाळ्याच्या तोंडावर आवराआवर करताना तो हाती लागला. म्हटलं, चार्ज होतो का बघू. झाला की! फेकवेना, आणि नुसता ठेवून तरी काय करायचं? असा माझा छंद सुरू झाला.

एका रोळात बारा फोटो

माझ्या लहानपणी वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोळात बारा फोटो. गणपतीत घातलेला रोळ कधी कधी दिवाळीत संपायचा. रोळ महाग, धुणं महाग, त्यामुळे फोटो काढायचे ते मुंजीचे, लग्नाचे, बारशाचे. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, “हलू नका” म्हटल्यावर श्वास रोखायचा. त्या अल्बममध्ये माझी आई आहे ती शालू नेसून, नथ घालून, अवघडून बसलेली. पण ज्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला, तिथला तिचा एकही फोटो नाही. विळीवर वाकलेली आई मला आठवते, पण माझ्या मुलाला दाखवता येत नाही.

आता रोळाचा खर्च उरलेला नाही. शंभर फोटो काढा, नव्वद पुसून टाका. मग खोवणीचा, मिसळणाच्या डब्याचा, वालाला आलेल्या मोडांचा फोटो काढायला हरकत काय?

आणि हे काही माझं एकटीचं वेड नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. दुसऱ्या महायुद्धात शहर परक्या सैन्याच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं कठीण झालं, तेव्हा त्यांनी आपल्या खोलीच्या खिडकीचेच फोटो काढायला सुरुवात केली. १९४० ते १९५४, तब्बल चौदा वर्षं! दव धरलेली काच, खिडकीत ठेवलेला पाण्याचा पेला, एखादं अंडं, पावाचा तुकडा. आज ते फोटो जगभर मानाने पाहिले जातात.

आपल्याकडेही मुंबईत मनोबीना रॉय होत्या. चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी. त्यांना आणि त्यांच्या जुळ्या बहिणीला, देबलीनांना, वडिलांनी लहानपणीच कॅमेरे घेऊन दिले होते. संसार, मुलंबाळं सांभाळून मनोबीनाबाईंनी हा छंद जपला आणि घरच्यांचे, भोवतालच्या माणसांचे सुरेख फोटो काढले.

कॅमेरा कुठला हवा?

घरात आहे तो! खणात पडलेला जुना छोटा कॅमेरा असेल तर आधी त्याची बॅटरी पाहा. फुगलेली असेल तर मुळीच वापरू नका, नवी घ्या. साध्या सेलवर चालणारा असेल तर वापर नसताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतल्या पट्ट्या खराब करतात. गेल्या काही वर्षांत कॉलेजातली मुलंमुली हेच जुने छोटे कॅमेरे हौसेने शोधताहेत, तेव्हा आपण मागासलेल्या आहोत असं समजायचं कारण नाही!

मोबाइलने फोटो निघत नाहीत का? निघतात, आणि चांगले निघतात. पण मोबाइल हातात घेतला की कुणाचा तरी निरोप येतो, कुणाचा तरी फोन येतो, आणि फोटो राहतो बाजूला. कॅमेऱ्याला दुसरं काही येतच नाही. ती दहा मिनिटं आपली.

जवळ जायची युक्ती

पहिले दोन महिने माझे सगळे फोटो धुरकट यायचे. मग मुलाने एक फुलाची खूण दाखवली. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांवर ती असते. तिला मॅक्रो म्हणतात. जवळच्या वस्तूचा फोटो काढताना ती लावायची. आणखी एक गंमत अशी, की आपण झूम करून वस्तू मोठी करायला जातो, पण बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांना झूम केल्यावर जवळचं नीट दिसत नाही. म्हणून झूम पूर्ण मागे घ्यायचा आणि कॅमेराच वस्तूपाशी न्यायचा. चार-पाच बोटांच्या अंतरावरूनही लवंगेची फुलं मोजता येतात.

बटण एकदम दाबू नका. आधी अर्धं दाबा. पडद्यावर हिरवा चौकोन दिसला की मग उरलेलं दाबा. हात थरथरत असेल तर कॅमेरा उपड्या वाटीवर किंवा डाळीच्या छोट्या पिशवीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबल्याचा हिसका बसत नाही.

उजेड ओळखा

फ्लॅश आधी बंद करा. जवळच्या वस्तूवर तो पडला की तिचं पांढरं थोबाड होतं, मागे काळोख. त्यापेक्षा आपल्या खिडकीचा उजेड लाखमोलाचा. ऊन थेट पडणारी खिडकी नको, नुसता उजेड येणारी हवी. वस्तू खिडकीच्या बाजूला ठेवा, आणि जी बाजू काळोखी राहील तिच्याकडे जुन्या कॅलेंडरचं पांढरं पान उभं धरा. उजेड परतून पडतो आणि सावली मऊ होते.

पांढऱ्या वस्तूंना कॅमेरा फसतो. माझे उकडीचे मोदक आधी राखाडीच यायचे. कॅमेऱ्याला वाटतं, फार उजेड झाला, कमी करू. तिथे अधिक-उण्याची खूण असते, ती अधिककडे एक पायरी सरकवायची. मोदक पांढरेशुभ्र! उलट काळ्या तव्याचा फोटो काढताना उण्याकडे न्यायची. तांब्या-पितळेच्या भांड्यांत मात्र आपलीच छबी उमटते, म्हणून थोडं तिरकं उभं राहावं.

विषय सगळे घरातच आहेत. रोवळीतल्या धुतलेल्या तांदळाचे दाणे, अळूच्या पानावरचा पाण्याचा थेंब, पागोळ्या, निरांजनाची काजळी, पोथीवर काढून ठेवलेला चष्मा. एका वेळी एकच वस्तू घ्या. मागची तेलाची बाटली, पिशवी, वायर आधी बाजूला करा. फोटो निम्मा तिथेच सुधारतो.

सासूबाईंचे हात

सासूबाई फोटोला कधी तयार नसायच्या. “माझा आता कसला फोटो? चेहरा का राहिलाय पाहण्यासारखा?” म्हणत पदर ओढून घ्यायच्या. एकदा श्रावणात त्या ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. मी म्हटलं, “आई, चेहरा नको, नुसते हात काढते.” थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हातांना काय, काढ. त्यांनी कामच केलंय.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या हातांचे फोटो काढत गेले. अडकित्त्याने सुपारी कातरताना, वाल सोलताना, गोधडीला टाका घालताना. पुढे पुढे त्याच म्हणायच्या, “आज लोणचं घालत्ये, यायचं असलं तर ये त्या डबीला घेऊन.” आमच्या दोघींत पंचवीस वर्षांत ज्या गप्पा झाल्या नव्हत्या, त्या त्या काळात झाल्या. अडकित्ता त्यांच्या आईचा, हे मला तेव्हा कळलं.

२०१९ च्या मार्गशीर्षात त्या गेल्या.

माझ्या नणंदबाई नाशिकला असतात. त्यांचं माहेर म्हणजे हेच घर. दर भाऊबीजेला ओवाळणीबरोबर मी त्यांना काही फोटो छापून पाठवायची. पहिल्या वर्षी फोन करून खूप हसल्या. “अगं, खोवणीचा फोटो कुणी पाठवतं का?” पण ठेवले होते सगळे.

२२ जुलै २०२१

त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर गेलो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर घरात आलो तर गुडघाभर चिखल. लग्नाचे, मुंजींचे सगळे अल्बम कपाटाच्या तळच्या खणात होते. पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला. कॅमेरा गेला, कार्ड गेलं, ज्या संगणकात फोटो भरले होते तोही गेला. एका जागचे दुसऱ्या जागी ठेवावेत, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी भांड्यांसाठी रडले नाही, फोटोंसाठी रडले.

दिवाळीत वन्सं आल्या. पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. बेचाळीस फोटो होते. फुगलेली पोळी. खोवणी. अडकित्ता. चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या मुलाच्या उंचीच्या खुणा. ती चौकट तर पुरानंतर बदलावीच लागली. आणि वाती वळणारे ते हात. रांगेत उभ्या केलेल्या माणसांचे अल्बम गेले, आणि ज्यांना सगळे हसले ते फोटो राहिले. वन्सं म्हणाल्या, “हे तुझेच. पण आईचे हात मला परत छापून दे.”

म्हणून सांगते, एवढं कराच

चांगले फोटो छापून घ्या. महिन्याला चार म्हटले तरी वर्षाचे अठ्ठेचाळीस होतात. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी कुणा आपल्या माणसाकडे. फोटो दोन वेगळ्या ठिकाणी भरून ठेवा. कार्ड हे कपाट नव्हे.

पारदर्शक कागदाखाली चिकटवायचे अल्बम टाळा. त्यांचा गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाहीत. कप्प्यांचे किंवा कोपरे लावायचे अल्बम बरे. फोटोमागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे उमटतं. नाव-तारखेची चिठ्ठी कप्प्यात घाला. आणि अल्बम तळच्या खणात ठेवू नका!

फोटो भिजलेच तर ते एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात अलगद धरून चिखल सोडवा, चित्रावर बोट घासू नका, मग चित्र वर करून सावलीत सुती कापडावर एकेक सुटा वाळवा. मला हे उशिरा कळलं, तरी सोळा फोटो वाचले.

पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी येते. कातडी पिशवीत तो कोंडून ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि अधूनमधून कॅमेरा काढून वापरत जा.

पुरानंतर मुलाने नवा कॅमेरा घेऊन देऊ केला. मी म्हटलं, नको, कुणाचा तरी खणात पडलेला असेल तो आण. त्याच्या मित्राचा मिळाला. पहिला फोटो पोळीचाच काढला. ही पोळी करपली नाही, पण शेजारी उभं राहून ओरडणारं माणूसही नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी जेवणं झाली की कपाटाचा तो खण उघडा. आणि तुमच्या घरात कुणाचे हात काम करताहेत, तिकडे एकदा नीट पाहा.