बहिणाबाईंची कविता आणि वहीतला लाल गोल

बहिणाबाईंची कविता शिकवायला घेतली की पहिला घोळ नावाचाच होतो. काही जण घाईत संत बहिणाबाईंची माहिती फळ्यावर लिहून मोकळे होतात. त्या सतराव्या शतकातल्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या. आपल्या कवितेच्या बहिणाबाई चौधरी या जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८०.

तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या. तिशीतच वैधव्य आलं, पदरी तीन मुलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी सुचायची आणि त्या म्हणायच्या, एवढंच. मुलगा सोपानदेव (ते स्वतःही कवी) आणि एका नातेवाइकाने त्यातली काही उतरवून घेतली. जवळ कोणी लिहिणारं नसताना म्हटलेलं किती गेलं असेल, या विचाराने आजही हळहळ वाटते. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. 'बहिणाबाईंची गाणी' आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली ती १९५२ मध्ये, म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही.

आता भाषेबद्दल. पुष्कळ जण तिला अहिराणी म्हणतात, पण ती लेवा गणबोली. दोन्ही खानदेशातल्याच, तरी वेगळ्या. लेवा बोलीत 'ळ' चा 'य' होतो: डोळे म्हणजे डोये, काळा म्हणजे काया. वाचताना आपण 'शुद्ध' करायला गेलो की कधी यमक मोडतं, कधी चाल अडखळते. म्हणून छापलंय तसंच म्हणायचं.

हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळलं. तिच्या निबंधात 'डोये' होतं, मी लाल पेनने गोल केला. पुढच्याच आठवड्यात बहिणाबाईंची कविता आली. मी अडखळत वाचत होते, ती घरच्यासारखी सरसर म्हणत होती. मग तिने विचारलं, "मॅडम, मंग यांचं बरोबर अन् माह्यं चूक कसं?"

उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्याचे दोन भाग केले, 'घरचा शब्द' आणि 'पुस्तकातला शब्द'. पोरांनी तासाभरात फळा भरून टाकला, काही शब्द तर मलाच विचारून घ्यावे लागले. पेपरात कुठला लिहायचा ते सांगते, पण घरच्या शब्दाला आता गोल करत नाही.