दंडावरचा सेन्सर कोणी लावावा?

दंडाची मागची बाजू स्पिरिटने पुसायची, प्लास्टिकचा ठोकळा टेकवायचा आणि दाबायचा. खट्ट आवाज होतो. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि त्वचेखाली उरतो जेमतेम पाच मिलिमीटरचा लवचिक तंतू. वरची चकती पुढचे 14 दिवस साखरेचे आकडे मोबाइलवर पाठवत राहते. एका सेन्सरला साधारण चार-पाच हजार रुपये, महिन्याला दोन लागतात. हैदराबादच्या विद्यानगरात पेन्शनवर चालणाऱ्या घराने हा खर्च करावा का, हे मधुमेह कुठल्या प्रकारचा आहे आणि औषध काय चालू आहे, यावर ठरतं.

प्रकार ओळखणंच मात्र आपल्याकडे अवघड. पाश्चात्त्य पुस्तकांनुसार टाइप 2 चा रुग्ण स्थूल असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के, युडकिन यांच्यात 9.1. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला टाइप 2 होऊ शकतो तो असा, आणि म्हणूनच नुसत्या अंगकाठीवरून टाइप 1 ठरवता येत नाही. विद्यानगरपासून जवळच, हब्सिगुड्यात असलेली सीसीएमबी ही संशोधन संस्था, पुण्याचं केईएम आणि इंग्लंडचं एक्झिटर विद्यापीठ यांनी 2020 मध्ये दाखवलं, की युरोपीय रुग्णांवर बेतलेला जनुकीय गुणांक भारतीयांतही टाइप 1 वेगळा काढायला उपयोगी पडतो.

टाइप 1 असेल तर फारसा विचार करू नये. परवडत असेल तर सेन्सर लावावा. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर झोपेत घसरली, तर गजर करणारं यंत्र जीव वाचवू शकतं. (गजर सगळ्याच मॉडेलमध्ये नसतो, घेण्यापूर्वी विचारावं.) टाइप 2 मध्ये दिवसातून एक-दोनदाच दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन घेणाऱ्यांनाही फायदा होतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘मोबाइल’ चाचणीत अशा 175 जणांपैकी सेन्सरवाल्यांचं एचबीए1सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) आठ महिन्यांत 9.1 वरून 8.0 वर आलं. बोट टोचून तपासणाऱ्यांचं 9.0 वरून 8.4 वर.

फक्त गोळ्यांवर असणाऱ्यांनी दर महिन्याला पैसे घालायची गरज सहसा नसते. त्यांनी डॉक्टरांना विचारून एकदा 14 दिवसांचा प्रयोग करावा आणि त्या दिवसांत मुद्दाम नेहमीचंच खावं. सकाळची इडली, दुपारचा सोना मसुरी भात, संध्याकाळचा इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं: कशाने आलेख किती चढतो, भातानंतर पंधरा मिनिटं चाललं तर किती उतरतो, हे त्या पंधरवड्यात दिसतं. बहुतेकांसाठी दिवसाचा 70 टक्क्यांहून जास्त वेळ साखर 70 ते 180 मध्ये राहावी, असं उद्दिष्ट आहे. चांगल्या सवयी लावून घेऊन सेन्सर काढून टाकला तरी चालतो. आलेख पाहून ताटात काहीच बदलणार नसेल, तर मात्र ते पैसे चांगल्या चपलांवर खर्च केलेले बरे. मधुमेह्याच्या पायांना त्यांची गरज असतेच.

सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना आकडा काही मिनिटं मागे राहतो. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटाच कमी आकडा येतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर फसतात.

बोट न टोचता आणि त्वचेत काहीही न घालता साखर मोजतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या मात्र विकत घेऊच नयेत. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये बजावलं, की अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

रात्री तीनला 58 चा गजर झाला आणि घाम, थरथर, गोंधळ जाणवत असेल, तर तपासत बसू नये. आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाकावं. काहीच जाणवत नसेल तर कूस बदलावी आणि लगेच बोट टोचून पाहावं. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या म्हणूनच घरात लागतात.