ओरडणारा आणि गप्प

नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा ओलांडत पाटणबोरीवरून तेलंगणात जातो. समजा, या रस्त्यावरच्या अपघातातले दोन जखमी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एकाच गाडीतून उतरवले. एकाचा पाय मोडलाय, तो अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतोय. दुसरा गप्प. सोबतचे लोक ओरडणाऱ्याभोवती गोळा होतात. अनुभवी सिस्टर आधी गप्प पडलेल्याकडे वळते.

ओरडायलाही मेंदूला रक्त लागतं ना! ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 साली शुद्धी मोजायची पट्टी मांडली. आज त्या पट्टीवर शुद्धीला चक्क गुण मिळतात, जास्तीत जास्त असे: डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6. पैकीच्या पैकी 15. शून्य मात्र कुणालाच नाही. निपचित पडलेल्यालाही 3 मिळतात. गुण 8 किंवा त्याखाली आले, की श्वासनलिकेत नळी घालायचा विचार सुरू होतो.

बीपी मात्र लबाड. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातलं लिटरभर गेलं तरी बीपी ठीकठाक दिसू शकतं. शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, मेंदू-हृदयाचा पुरवठा राखतं आणि हृदयाला पळवतं. हा जीव वाचवायचा आटापिटा, पण त्यात बघणारा फसतो. चोरी पकडून देते ती नाडी. नाडीचे ठोके भागिले वरचं बीपी: धडधाकट माणसात 0.5 ते 0.7. नाडी 120 आणि बीपी 100 म्हणजे 1.2. बीपी एकटं पाहिलं तर बरं वाटेल. भागाकार पाहिला तर धावाधाव करावी लागेल.

भारतातही हे पडताळून पाहिलं गेलं. 2013 ते 2015 या काळात मुंबईचं सायन व केईएम, शिवाय दिल्ली आणि कोलकात्यातलं एकेक रुग्णालय, इथल्या सुमारे 16,000 जखमींच्या नोंदी झाल्या. त्यावरच्या अभ्यासात नाडी, बीपी आणि शुद्धीचे गुण एवढ्यावरच मृत्यूचा धोका बऱ्यापैकी ओळखता आला. सीटी स्कॅन नाही, रक्ततपासणी नाही! पांढरकवड्याच्या रुग्णालयातही एवढं मोजता येतं, मला याचंच अप्रूप. अर्थात आकडा सांगतो तो अशा शंभर जणांचा हिशेब. समोरचा त्यातला कोणता, हे तो सांगत नाही. म्हणून त्यावरून रांग ठरवावी, आशा सोडू नये.

रस्त्यात अपघात दिसला तर 108 लावा, आणि जखमी बोलत होता का, कधी बोलायचा थांबला, ती वेळ ध्यानात ठेवा. डॉक्टरांना ती हवी असते.