मंक फ्रूटची मिठाई: डब्यावर काय छापाल?

आमचा धंदा कापडाचा. तरी मुंब्रा, कल्याणचे मिठाईवाले बंधू मंक फ्रूटविषयी विचारतात, म्हणून हे चार शब्द.

हे दक्षिण चीनमधील ग्वांगशी भागातल्या वेलीचे फळ. पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने 2018 मध्ये त्याचे बी आणले व 2021 मध्ये कुल्लूत लागवडीची चाचणी सुरू केली. त्यातील मोग्रोसाइडमुळे अर्क साखरेपेक्षा 100 ते 250 पट गोड असतो, पण रक्तातील साखर वाढवीत नाही.

अडचण वजनाची आहे. किलोभर साखरेच्या जागी पाच-दहा ग्रॅम अर्क पुरतो. मग बर्फीला भर कोठून येणार? पाकाला तारही येत नाही. म्हणून पाकिटात बहुधा एरिथ्रिटॉल, कधी डेक्स्ट्रोज मिसळतात, आणि डेक्स्ट्रोज ही साखरच होय. पॉलिएस्टर मिसळलेले कापड सुती म्हणून विकणे जसे गैर, तसेच हे. पाकिटामागची यादी वाचूनच माल उचलावा.

शीरखुर्म्यात अर्क चांगला विरघळतो, उकळल्याने बिघडत नाही. पण खजुराची व दुधाची साखर राहतेच, शेवयाही आहेतच. "शुगर फ्री" वाचून मधुमेही गिऱ्हाईक वाटीभर जास्त खाईल. त्यापेक्षा आत काय आहे तेच स्पष्ट छापावे, आणि विक्रीपूर्वी ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे परवानगीची चौकशी करावी.