पूरकाळातील बिनतारी जीप

गोदावरीला महापूर आला म्हणजे गेवराई तालुक्यातील नदीकाठची गावे एकमेकांस पारखी होतात. आणि वीज खंडित होऊन मोबाइलचे मनोरेही मूक झाले, म्हणजे तलवाड्यासारख्या गावाहून तहसील कचेरीस खबर देण्यास माणसाच्या पायांखेरीज साधन उरत नाही. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये आधीपासूनच हौशी रेडिओ केंद्र चालवीत असलेल्या भारती प्रसाद यांच्या पथकाने संदेशवहनाचा भार उचलला. तशी सिद्धता एखाद्या जीपमध्ये पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी, असे मला आग्रहाने वाटते.

यंत्रापेक्षा विजेचा बंदोबस्त महत्त्वाचा. पन्नास वॅटचा संच बोलताना सुमारे दहा अँपिअर प्रवाह ओढतो. तो लायटरच्या सॉकेटमधून घेतल्यास बारीक तारा तापतात आणि व्होल्टेज उतरून ऐन बोलण्यात आवाज तुटतो. म्हणून जाड तारांची जोडी थेट बॅटरीपासून आणावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट बसवावा. कारण खडबडीत रस्त्यावर घासून उघडी पडलेली तार चासीला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा भाग पेट घेऊ शकतो. इंजिन बंद ठेवून रात्रभर ऐकत राहण्यासाठी दुसरी बॅटरी हवीच.

१४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर, म्हणून तिच्या चतुर्थांशाची, अर्ध्या मीटरची अँटेना टपाच्या मध्यभागी उभी करावी. टपाचा पत्राच तिची जमीन होतो. या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जात असल्याने सखल भागातून हाक मारण्यापेक्षा जीप तलवाड्याच्या त्वरितादेवीच्या टेकडीकडे उंचावर नेणे श्रेयस्कर. पुणे-मुंबई गाठायची, तर ७ मेगाहर्ट्झची तार बाभळींच्या आधाराने मुद्दाम कमी उंचीवर आडवी ताणावी. लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरातून परततात आणि डोंगरांचा अडसर न जुमानता काहीशे किलोमीटरचा प्रदेश व्यापतात.

असे हौशी रेडिओ केंद्र चालविण्याच्या परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा आहे. बारा वर्षांचे मूलही तीस बसू शकते, सबब गावच्या शाळेने ही विद्या अवश्य हाती घ्यावी. मात्र परीक्षेत न शिकवली जाणारी एक शिस्त जीपमध्येच अंगवळणी पाडावी लागते: निरोप आधी कागदावर उतरवायचा, त्यावर वेळ, धाडणारा व घेणारा नोंदवायचा, माणसांचा आणि होड्यांचा आकडा दोनदा उच्चारायचा, आणि पलीकडच्याने तो जसाच्या तसा परत वाचून दाखवीपर्यंत पुढचा निरोप हाती घ्यायचा नाही.