गाडीचं लॉक जाम झालं तर?

गटाच्या बैठकीत आपण हप्त्यांबद्दल, मसाल्याच्या पॅकिंगबद्दल, शाळेच्या फीबद्दल बोलतो. आज बोलायचंय गाडीच्या दाराबद्दल. दार उघडत नाही, किल्ली फिरत नाही, लॉक जाम झालंय, हे कधी ना कधी प्रत्येकीच्या वाट्याला येतं.

आपण राहतो तो पट्टाच गाड्यांचा. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण, महाळुंगे, जिकडे बघावं तिकडे गाड्या नाहीतर गाड्यांचे सुटे भाग तयार होतात. गटातल्या किती तरी जणींचे नवरे, मुलं, आता तर मुली-सुनाही या कारखान्यांत कामाला आहेत. माल न्यायला छोटा हत्ती किंवा पिकअप, शिफ्टला कंपनीची बस, मुलांना शाळेची व्हॅन. दिवसातून चार वेळा आपण गाडीचं दार उघडतो आणि लावतो. पण ते उघडतं कसं आणि अडतं कुठे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून आजची ही माहिती.

आधी लॉक समजून घेऊ

घराच्या दाराला कडी असते आणि चौकटीला कोयंडा. गाडीचंही तसंच आहे. गाडीच्या चौकटीवर एक लोखंडी कडी पक्की बसवलेली असते. दाराच्या कडेला एक खटका असतो. दार लावलं की खटका फिरून त्या कडीला धरतो. नीट ऐका, दार लागताना दोन आवाज येतात. पहिल्या आवाजाला दार अर्धंच लागतं, दुसऱ्या आवाजाला पूर्ण. अर्धं लागलेलं दार खड्ड्यात धक्का बसला की उघडू शकतं, म्हणून दुसरा आवाज आल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही.

आपण हँडल ओढतो तेव्हा दाराच्या पोटातली एक सळई किंवा केबल खटक्याला ओढते आणि तो कडी सोडतो. किल्लीचं काम वेगळं. किल्ली फिरवली की हँडल आणि खटका यांचा संबंध जोडला जातो किंवा तोडला जातो. म्हणजे एका दारात तीन जागा झाल्या. किल्लीचं भोक, मधली सळई-केबल आणि कडेचा खटका. लॉक जाम झालं असं आपण म्हणतो तेव्हा या तिन्हींपैकी एक जागा अडलेली असते. कोणती, हे ओळखलं की अर्धं काम झालं.

लॉक जाम का होतं?

पहिलं कारण धूळ. चाकण चौकातून किंवा तळेगाव-चाकण रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीला किती धूळ लागते, ते आपण जाणतोच. ती किल्लीच्या भोकात आणि खटक्यात बसते. आत जुनं ग्रीस असेल तर धूळ त्यात कालवली जाऊन घट्ट चिखल होतो.

दुसरं कारण पाणी. पावसाळ्यात, विशेषतः खेडच्या पश्चिम भागात आणि मावळात, गाडी महिनोन्महिने ओली असते. सर्व्हिसिंगला प्रेशर पंपाचं पाणी भोकावर मारलं तर ते आत शिरतं. मग गंज चढतो.

तिसरं कारण न वापरणं, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रिमोटची गाडी असेल तर किल्ली भोकात वर्षानुवर्षं जातच नाही. मग एका पहाटे बॅटरी उतरते, रिमोट चालत नाही, आणि किल्ली लावायला जावं तर भोक गंजलेलं. टेम्पोचं डावीकडचं दार, व्हॅनचं मागचं दार, बसचं संकटकाळचं दार, यांचंही तेच होतं. वापरात नसलेलं दार आधी अडतं.

चौथं कारण झिजलेली किल्ली. मूळ किल्ली हरवते, झिजलेल्या किल्लीवरून दुसरी करून घेतो, तिच्यावरून तिसरी. प्रत्येक नकलेत आधीची झीज उतरते आणि शेवटी कुलूप किल्लीला ओळखेनासं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लॉक सहसा एका दिवसात जाम होत नाही. आधी किल्ली थोडी अडते, मग दोनदा फिरवावी लागते, मग हँडल जड लागतं, मग दार आपटल्याशिवाय लागत नाही. ही सगळी त्याची सूचनाच असते. आपण मात्र जोर लावून वेळ मारून नेतो.

किल्ली अडली तर

एका गटातल्या ताईंनी सांगितलेली गोष्ट. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पवनाथडी जत्रेला माल न्यायचा होता. लोणची, कुरडया, गोधड्या रात्रीच पिकअपमध्ये भरून ठेवलेल्या. सकाळी किल्ली फिरेना. कोणीतरी पक्कड आणली, किल्ली पकडून पिळली आणि ती भोकातच तुटली. चावीवाला येऊन तुकडा काढेपर्यंत दुपार झाली आणि पहिल्या दिवसाची विक्री बुडाली. लॉकचं दुखणं छोटंच होतं, जोर लावल्यामुळे ते मोठं झालं.

तेव्हा पहिला नियम, जोर नाही. शांतपणे बघा.

किल्ली आतच जात नसेल तर भोकात माती आहे. किल्ली पुसा, फुंकर मारा, गंज सोडवणारा स्प्रे आत मारा. डब्ल्यूडी-४० नावाचा किंवा तशाच दुसऱ्या कंपनीचा स्प्रे स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. त्याच्यासोबतची बारीक नळी भोकाला लावायची म्हणजे स्प्रे आतपर्यंत पोचतो.

किल्ली आत जाते पण फिरत नसेल तर आधी दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावून बघा. नाहीच फिरली तर स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. स्प्रेला मुरायला वेळ लागतो. मग किल्ली न फिरवता नुसती दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, दर वेळी पुसून घ्या. काळा मळ निघेल. त्यानंतर हलक्या हाताने थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवा. एका दमात सुटलं नाही तर पुन्हा स्प्रे, पुन्हा थांबायचं. तोवर दुसऱ्या बाजूच्या दाराला किल्ली लावून बघा.

किल्ली फिरते पण दार उघडत नसेल तर अडचण सळईत किंवा खटक्यात आहे. इथे दोघी लागतात. एकीने हँडल ओढून धरायचं, दुसरीने खटक्याजवळ तळहाताने दार आत दाबायचं आणि सोडायचं. दाबल्यावर कडीवरचा ताण कमी होतो आणि अडलेला खटका बऱ्याचदा सुटतो. तरी नाही उघडलं तर दुसऱ्या दाराने आत जाऊन आतलं हँडल ओढून बघा.

मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या दाराच्या कडेला लहान मुलांसाठी एक बारीक खटका असतो, त्याला चाइल्ड लॉक म्हणतात. तो चुकून लागला की दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. बाहेरून उघडा आणि तो सरकवा.

कधी उलटं होतं, दार लागतच नाही, आपटलं की परत येतं. दाराच्या कडेचा खटका बघा. दार उघडं असतानाच तो बंद होऊन बसलेला असतो. आपटू नका. हँडल ओढून धरा, खटका मोकळा होईल. गंजला असेल तर स्प्रे मारून सोडवा. आणि दोरीने बांधलेल्या दाराच्या गाडीत माणसं बसवू नका.

एवढं करूनही नाही जमलं तर मेकॅनिक किंवा चावीवाल्याला बोलवा. दार एकदा उघडलं की दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा लॉक करू नका.

काय करायचं नाही

घरात असतं म्हणून गोडेतेल घालू नका. ते आज सुटसुटीत वाटतं, महिन्याभरात चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. किल्लीच्या भोकात ग्रीसही नको, त्याची जागा खटक्यावर. रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका, ते पेट घेतं आणि दाराचं रबर खराब करतं. स्प्रेसुद्धा पेट घेतो, म्हणून जवळ काडी, बिडी, उदबत्ती नको. काचेच्या फटीतून पट्टी किंवा तार घालू नका. आत वायरी आणि सळया असतात, एक सोडवायला जाऊन दुसरी तुटते.

दसऱ्याचं काम

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, पूजा करतो. लिंबू-मिरची तर दर शनिवारी बदलतो. त्याच भक्तीने वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दसऱ्याला, दारांकडेही बघू या.

गाडीची सगळी दारं बाहेरून आणि आतून उघडून बघायची. रिमोट असला तरी किल्ली भोकात घालून फिरवायची. भोकात थोडा स्प्रे मारायचा. खटका, कडी आणि बिजागऱ्या फडक्याने पुसून त्यांवर बोटभर ग्रीस लावायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. सरकतं दार असेल तर त्याचा खालचा रूळ ब्रशने साफ करायचा. टेम्पोच्या फाळक्याच्या कड्या विसरायच्या नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे.

दार उघडणं जिवाशी येतं तेव्हा

मैत्रिणींनो, आतापर्यंत बोललो ते खोळंब्याचं. आता त्याहून मोठं.

१९ मार्च २०२५ ची सकाळ. हिंजवडीत कर्मचाऱ्यांना कामावर नेणाऱ्या एका मिनीबसला आग लागली. पुढचे लोक उतरले. मागे बसलेल्यांना मागचं दार वेळेत उघडता आलं नाही आणि चार कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. आग लावल्याचा गुन्हा पोलिसांनी चालकावरच दाखल केला, ते काम कायद्याचं. आपण त्या मागच्या दारापाशी थांबू. आपल्या मुली-सुना अशाच गाड्यांतून पहाटे, रात्री शिफ्टला जातात.

म्हणून बसमध्ये बसल्यावर तीन गोष्टी बघायच्या. संकटकाळचं दार किंवा खिडकी कुठे आहे? तिच्यापुढे सीट, डबे, गोण्या आहेत का, बाहेरून कुलूप लावलंय का? काच फोडायची हातोडी जागेवर आहे का? आणि चालकाला सरळ म्हणायचं, "दादा, मागचं दार एकदा उघडून दाखवा." यात लाजण्यासारखं काही नाही. एकटीला संकोच वाटत असेल तर पाच जणींनी मिळून म्हणा. दार उघडत नसेल तर कंपनीत लेखी कळवा.

काच फोडायची वेळ आली तर समोरची फोडत बसू नका. तिच्यात दोन काचांमध्ये पातळ थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत एका घावात चुरा होणाऱ्या असतात. घाव मधोमध न घालता कोपऱ्यात घाला. आधी माणसं बाहेर, पर्स आणि डबा राहू दे.

शाळेच्या बससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत. त्यानुसार शाळेत परिवहन समिती असते आणि तिच्यात पालकांचाही प्रतिनिधी असतो. आपल्या शाळेत तो कोण, हे विचारा आणि व्हॅनची दारं आतून उघडतात का, हे तपासायला सांगा.

आणि उभ्या गाडीत मुलांना खेळू देऊ नका. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. मूल आत अडकलं आणि लॉक उघडत नसेल तर किल्ली शोधत बसू नका. मुलापासून सगळ्यात लांबची काच फोडा. कोणाला तरी ११२ ला फोन लावायला सांगा, रुग्णवाहिकेसाठी १०८, आगीसाठी १०१.

या महिन्याच्या बैठकीला गटातल्या ज्या कोणाकडे गाडी आहे, तिला ती घेऊन यायला सांगा. टेम्पो असो, रिक्षा असो, व्हॅन असो. प्रत्येकीने प्रत्येक दार आतून आणि बाहेरून एकदा उघडून बघा. कोणतं दार अडतं, ते वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीपर्यंत दुरुस्त झालं का, ते विचारा. हप्ता विचारतो, तसंच.